विगमोर हॉलमधला पहिला हंगाम : चौघांच्या मैफलीला जाताना

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीला जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की मागच्याच समांतर विगमोर स्ट्रीटवर, ३६ नंबरच्या दारामागे, सप्टेंबर ते जुलै जवळजवळ रोज मैफल होते. हा विगमोर हॉल. माइक नाही, निवेदक नाही, हारतुरे नाहीत. मंचावर दोन-चार, फार तर आठ वादक आणि समोर साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या. प्रागहून, पॅरिसहून, बुडापेस्टहून, न्यूयॉर्कहून वादक येतात, दीड-दोन तास वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघतात.

लंडनला नव्याने आलेल्या ओळखीच्यांना मी तिथे घेऊन जाते. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : "पण मला त्यातलं काही कळेल का?" बैठकीत पुढे बसून तानपुरे जुळताना ज्याने कान देऊन ऐकलंय, त्याची अर्धी तयारी झालेली आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहिते आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते : चौघंही एकदम ऐकायचा प्रयत्न करू नका, एकाला धरून बसा. तो एक शक्यतो व्हिओला वाजवणारा असू द्या. का, ते पुढे येईलच.

चेंबर म्युझिक म्हणजे काय, थोडक्यात

चेंबर म्हणजे खोली. ऑर्केस्ट्रात सत्तर-ऐंशी वादक असतात आणि पुढे काठी घेतलेला संचालक. चेंबर म्युझिकमध्ये प्रत्येक ओळ एकट्याने वाजवायची असते आणि संचालक नसतो. मैदानावरचा संगीत महोत्सव आणि वाड्याच्या माडीवरची बैठक यांत जो फरक आहे, साधारण तोच. या संगीताचा मुख्य साचा म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट : दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. व्हिओला दिसायला व्हायोलिनसारखाच, पण आकाराने थोडा मोठा आणि आवाजाने खालच्या पट्टीतला. चेलो दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. ऑस्ट्रियाच्या हायडनने अठराव्या शतकाच्या मध्यापासून या चौघांसाठी लिहायला सुरुवात केली आणि आयुष्यभरात ६८ क्वार्टेट लिहिले. बेथोव्हनचे १६ आहेत. त्यानंतर युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या रचनाकाराने इथे हात आजमावला.

हे सगळं परक्यांचं, असं मनात येत असेल तर एक गोष्ट सांगते. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९४०च्या सुमाराला मुंबईत बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभा केला होता. पुढे ते इंग्लंडला मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात आले आणि तिथून अमेरिकेत जाऊन कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवू लागले. मुंबईच्या दिवाणखान्यांमध्ये हे सूर ऐंशी वर्षांपूर्वीच घुमले आहेत.

पहिली पायरी : मैफल निवडणं

हॉलमध्ये वर्षाला पाचशेहून जास्त कार्यक्रम होतात. पूर्ण हंगामाची यादी उघडलीत की डोळे फिरतात. म्हणून सुरुवातीला दोन चाळण्या लावा.

पहिली चाळणी वेळेची. रविवारी सकाळी साडेअकराची मैफल नवख्यासाठी सर्वात सोयीची. जेमतेम एक तास चालते, मध्यंतर नसतं आणि संपल्यावर श्रोत्यांना कॉफी किंवा शेरीचा छोटा ग्लास मिळतो. तो तिकिटातच धरलेला असतो. सोमवारी दुपारी एकची मैफलही तासाभराची असते आणि ती बीबीसी रेडिओ ३ वर थेट प्रसारित होते. ऑफिस जवळ असेल तर जेवणाच्या सुट्टीत जमून जातं. संध्याकाळची साडेसातची मैफल म्हणजे दोन तास आणि मध्ये मध्यंतर. ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवा.

दुसरी चाळणी वाद्यांची. यादीत गाणं, एकल पियानो, जुन्या काळची वाद्यं असं सगळं असतं. आपल्याला हवा तो 'क्वार्टेट' हा शब्द. बाहेरून येणाऱ्यांपैकी बुडापेस्टमध्ये १९७५ साली सुरू झालेला टाकाच, प्रागचा पावेल हास, फ्रान्सचा एबेन ही नावं दिसली तर डोळे मिटून जा. लंडनमध्येच जमलेला बेल्चिया क्वार्टेटही त्याच तोडीचा. या गटांतले लोक वर्षानुवर्षं एकत्र वाजवतात, तेही आठवड्यातले बरेच दिवस, दिवसाचे कितीतरी तास. एखाद्या गायकाला त्याचा नेहमीचा तबलजी मिळाल्यावर जे घडतं, ते इथे चारही बाजूंनी घडतं.

यादीतली अक्षरं बघून गांगरू नका. 'ओपस' म्हणजे रचनेचा क्रमांक; एकाच क्रमांकाखाली कधी कधी अनेक रचनाही असतात. मोत्झार्टच्या नावापुढे 'के' असतं, कारण क्योखेल नावाच्या गृहस्थाने १८६२ साली त्याच्या रचनांची सूची केली. शूबर्टपुढचा 'डी' हाही असाच एका सूचीकाराच्या नावावरून आलेला. यांचा उपयोग एवढाच, की घरी शोधताना नेमकी तीच रचना सापडते.

आणि पहिल्याच दिवशी बेथोव्हनचा ओपस १३१ निवडू नका. सात भाग, चाळीस मिनिटांच्या आसपास, कुठेही न थांबता. तो फार मोठा क्वार्टेट आहे, पण पहिल्याच दिवशी हरिश्चंद्रगड कोकणकड्याच्या बाजूने कोणी चढत नाही.

दुसरी पायरी : तिकीट

आरक्षण टप्प्याटप्प्याने उघडतं. आधी सभासदांना, मग सर्वांना. नामांकित गटांची तिकिटं पहिल्या दिवसांतच जातात, म्हणून सर्वांसाठी आरक्षण उघडण्याची तारीख फोनवर आठवण लावून ठेवा. वय ३५च्या आत असेल तर अनेक मैफलींना ५ पौंडांत जागा मिळते. ती सवलत आरक्षण करतानाच निवडावी लागते, नंतर मागून चालत नाही. 'सर्व तिकिटं संपली' असं दिसलं तरी निराश होऊ नका. लंडनमध्ये माणसं आजारी पडतात, गाड्या रद्द होतात आणि तिकिटं परत येतात. मैफलीच्या दिवशी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पुन्हा बघा. मला चांगल्यातल्या चांगल्या जागा अशाच मिळाल्या आहेत.

जागा कुठली घ्यावी? हॉल लांबट आहे, बुटांच्या खोक्यासारखा, आणि मंचाची मागची भिंत गोलाईची. आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचतो, त्यामुळे स्वस्त जागा घेतली म्हणून ऐकण्यात फारसं काही गमावत नाही. पण पहिल्या खेपेला परवडत असेल तर पुढच्या सात-आठ रांगांत, मध्याच्या जवळपास बसा. या संगीतात अर्धं ऐकणं डोळ्यांनी होतं.

तिसरी पायरी : घरी कान तयार करणं

ही पायरी गाळू नका. आपल्याकडे राग ओळखीचा असला की विस्तार कळतो. इथे रचना ओळखीची असली की कळते. आठवडाभर आधीपासून, रोज एकदा, स्वयंपाक करताना नव्हे तर बसून, ती एकच रचना ऐका. विगमोर हॉलने आपल्या कितीतरी मैफली चित्रित करून इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. करोनाच्या काळात, १ जून २०२० रोजी, रिकाम्या हॉलमध्ये पियानोवादक स्टीफन हफने वाजवलं आणि ते जगभर थेट गेलं. तेव्हापासून हे चित्रण फार वाढलं.

सुरुवातीला कोणत्या रचना? माझ्या तीन ठरलेल्या आहेत. तिन्ही क्वार्टेट मंडळींच्या नेहमीच्या वाजवण्यातल्या, त्यामुळे हंगामात एखादी तरी बहुधा हाती लागते.

द्वोरझाकचा बारावा क्वार्टेट, ओपस ९६, 'अमेरिकन' या नावाने ओळखला जातो. हा चेक रचनाकार न्यूयॉर्कला नोकरीला होता. १८९३च्या उन्हाळ्यात तो आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या चेक वसाहतीत सुट्टीला गेला. परदेशात आपल्या भाषेची माणसं भेटली की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तिथे त्याने काही दिवसांत हा क्वार्टेट लिहून काढला. सुरुवातीला दोन्ही व्हायोलिन नुसती थरथरतात, चेलो एक सूर धरून ठेवतो, तानपुऱ्यातल्या षड्जासारखा, आणि मग मुख्य धून येते ती व्हिओलावर. तिचे सूर पाच : सा रे ग प ध. राग म्हणून भूप नव्हे, त्याची चाल आणि वळणं वेगळी आहेत. पण भूपाचे पाच स्वर कानात मुरलेल्या माणसाला ती धून पहिल्याच फेरीत ओळखीची वाटते. माझ्यासोबत आलेल्या एका काकांनी तिथल्या तिथे बोटांनी मांडीवर स्वर मोजले होते. द्वोरझाक स्वतः तरुणपणी ऑर्केस्ट्रात व्हिओला वाजवायचा. आपल्या वाद्याला त्याने पहिला मान दिला.

दुसरी रचना रशियन रचनाकार शोस्ताकोविचचा आठवा क्वार्टेट. जुलै १९६० मध्ये, पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनजवळ, तीन दिवसांत लिहिलेला. फॅसिझम आणि युद्ध यांच्या बळींना त्याने तो वाहिला. चेलो एकटाच सुरू होतो आणि चार सूर वाजवतो. 'सी'ला षड्ज धरलंत तर ते असे : रे, कोमल ग, सा, मंद्र शुद्ध नि. जर्मन स्वरनामांत ही रचनाकाराच्या नावाची आद्याक्षरं होतात. तेच चार सूर मग व्हिओला घेतो, मग दुसरं व्हायोलिन, शेवटी पहिलं. हे चार सूर घरी पेटीवर किंवा नुसते गळ्याने म्हणून बघा. वीसेक मिनिटांच्या त्या रचनेत ते पुन्हा पुन्हा भेटतात, कधी कुजबुजत, कधी किंचाळत, आणि ते ओळखता येऊ लागले की तुम्ही वाट चुकत नाही.

तिसरी हायडनची, ओपस ३३ मधली दुसरी, १७८१ सालची. तिच्याबद्दल टाळ्यांच्या ठिकाणी बोलू.

चौथी पायरी : पोचणं

वेम्बलीकडची मंडळी वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइनने थेट बाँड स्ट्रीटला येतात. स्लाउहून एलिझाबेथ लाइन थेट. हाउन्सलोकडून पिकॅडिलीने ग्रीन पार्क, तिथे ज्युबिली बदलून एक स्टेशन. बाँड स्ट्रीटहून चालत पाच-सात मिनिटं, ऑक्सफर्ड सर्कसहूनही जवळपास तेवढीच. रविवारी रुळांची कामं निघतात, म्हणून निघण्याआधी गाड्या तपासा. उशीर झाला तर दार बंद. एखादी रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागतं, आणि तासाभराच्या मैफलीत त्याचा अर्थ निम्मी मैफल गेली. वीस मिनिटं हाताशी ठेवून पोचा.

कपड्यांचा नियम नाही. जीन्सवाले असतात, सुटातले असतात, मी कधी सुती साडी नेसून जाते. फक्त ते फुगीर नायलॉनचं थंडीचं जॅकेट आत अंगात ठेवू नका. हलल्याबरोबर ते कुरकुरतं आणि त्या शांततेत पाच रांगांपर्यंत ऐकू जातं. खोकल्याच्या गोळ्यांची वेष्टनं आधीच काढून रुमालात ठेवा. फोन पूर्ण बंद करा. थरथराटावर ठेवलेला फोनसुद्धा लाकडी फरशीवरच्या पिशवीत गुरगुरतो.

लहान मुलांबद्दल : सहा-सात वर्षांच्या मुलाला रविवारच्या मैफलीला नेता येईल की नाही, हे मुलावर अवलंबून आहे. तुम्हीच ठरवा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हॉल अशा आईबाबांसाठी खास मैफली ठेवतो, तिथे बाळ रडलं तरी कोणी वळून बघत नाही. नव्याने आई झालेल्या, घरात एकट्या पडलेल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

पाचवी पायरी : आत बसल्यावर

लवकर गेलात की वर बघा. मंचावरच्या अर्धघुमटात निळ्यावर सोनेरी चित्र आहे. मध्ये संगीताचा आत्मा मान वर करून बघतो आहे आणि वर अग्नीचा गोळा, सुसंवादाची देवता. हा हॉल बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीने आपल्या दुकानाला लागून बांधला आणि १९०१च्या मे महिन्यात उघडला. पहिल्या मैफलीत पियानोवादक बुसोनी आणि व्हायोलिनवादक इझाई वाजवून गेले. मग पहिलं महायुद्ध आलं, कंपनी शत्रुराष्ट्राची ठरली, १९१६ साली मालमत्तेचा लिलाव झाला आणि शेकडाभर पियानोंसकट ती वास्तू डेबनहॅम्स या दुकानवाल्यांनी घेतली. पुढच्या वर्षी ती रस्त्याचं नाव लावून पुन्हा उघडली.

आता वादक येतात. बहुतेक क्वार्टेटमध्ये तुमच्या डावीकडे पहिलं व्हायोलिन, शेजारी दुसरं, मग चेलो आणि व्हिओला. कोण आत, कोण कडेला, हे प्रत्येक गटाचं वेगळं. व्हिओलावाला अगदी उजव्या कडेला असेल तर एक गोष्ट नीट बघा. वाद्य डाव्या खांद्यावर असल्यामुळे पहिल्या व्हायोलिनची आवाजाची भोकं श्रोत्यांकडे कलतात आणि व्हिओलाची मागच्या भिंतीकडे. वाद्यच तोंड फिरवून बसलेलं असतं. त्यात त्याचा सूर मधला, ना वरचा ना खालचा. म्हणून नवख्याला व्हिओला ऐकूच येत नाही. आणि म्हणूनच त्याला धरायचं.

धरायचं म्हणजे काय? पहिली पाच मिनिटं नजर फक्त त्याच्या धनुकलीवर ठेवा, म्हणजे 'बो'वर. ती हलते तेव्हा कुठला आवाज बदलला, ते शोधा. ती थांबते तेव्हा काय कमी झालं, ते शोधा. थोड्या वेळात कान त्या आवाजाला चिकटतो. मग दिसू लागतं, की व्हिओलावाला सुरुवात करण्याआधी चेलोकडे बघून श्वास घेतो. तो श्वास ऐकू येतो, नाकातून ओढलेला, आणि चौघांचा एकच. हीच त्यांची सम. हात वर करून दाखवणारा कोणी नाही, ठेका धरणारा तबला नाही. पुढच्या रांगेत बसलात तर धनुकलीवरून उडणारी राळेची पांढरी भुकटी दिव्याच्या झोतात दिसते. हल्ली बरेच गट कागदाऐवजी टॅब्लेट वापरतात आणि पायाखालच्या बटणाने पान उलटतात. मोठ्या चढावर चार पावलं एका मागोमाग अलगद दाबली जातात, तेही बघण्यासारखं असतं.

मधल्या आवाजाला धरलं की वरचे आणि खालचे आपोआप त्याच्या संदर्भाने लागतात. पहिल्या व्हायोलिनला धरलंत तर फक्त धून हाती येते, बाकी सगळं साथसंगत वाटतं. तसं ते नाही. इथे साथीदार कोणीच नाही.

कधी तार तुटते. घाबरू नका. वादक उठून आत जातो, तिघं बसून राहतात किंवा तेही जातात, पाच मिनिटांनी तो भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. श्रोत्यांना एक सुरुवात दोनदा ऐकायला मिळते.

टाळ्या कधी

आपल्या लोकांना सर्वात जड जातं ते इथे. चांगली जागा आली की आपल्या तोंडून 'वाह' निघतं, मान हलते, हाताने ताल धरला जातो. कलाकाराला तो प्रतिसाद हवा असतो, तसं आपण शिकलोय. विगमोर हॉलमध्ये यातलं काहीच चालत नाही. मला पहिलं वर्षभर छातीत काहीतरी दाटून आल्यासारखं व्हायचं. हळूहळू लक्षात आलं, की इथली दाद म्हणजे ती शांतताच. पाचशे माणसं श्वास धरून बसलेली असतात आणि वादकांना ते जाणवतं.

क्वार्टेटचे बहुधा चार भाग असतात. भागांमध्ये वादक थांबतात, सूर जुळवतात, श्रोते खोकून घेतात, पण टाळ्या वाजत नाहीत. पत्रिकेत भाग ओळींनी छापलेले असतात. किती झाले ते मोजत राहा. शोस्ताकोविचचा आठवा मात्र पाच भागांचा आणि ते एकात एक मिसळलेले. तिथे मोजणी उपयोगी नाही. म्हणून खात्रीची खूण एकच : धनुकल्या खाली येईपर्यंत थांबा. शेवटचा सूर विरला तरी त्या हवेत असतात. ते तीन-चार सेकंद मोडू नका.

हायडनने याच सवयीशी खेळ केला आहे. ओपस ३३ च्या दुसऱ्या क्वार्टेटच्या शेवटी धून संपते, थांबते. मग तिचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यानंतर शांतता. वाटतं संपलं. नाही. मोठी शांतता पसरते, कोणीतरी हात उचलतं, आणि तेवढ्यात धुनीची पहिली ओळ हळूच पुन्हा सुरू होते. ती एक ओळ वाजते आणि खरोखर संपतं, जणू वाक्य अर्ध्यावर टाकून माणूस उठून गेला. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली, अजूनही त्या जागी श्रोते फसतात आणि हॉलभर हसू पसरतं. एवढ्या गंभीर दिसणाऱ्या खोलीत मोकळेपणी हसता येतं, हे कळायला ही रचना प्रत्यक्षच ऐकायला हवी.

हंगाम पुढे कसा न्यावा

एका हंगामात तीन मैफली पुरेत. शक्य असेल तर त्यातली एक रचना दोन वेगळ्या गटांकडून ऐका. दुसरी खेप तिथेच असायला हवी असं नाही. रेड लायन स्क्वेअरच्या कॉनवे हॉलमध्ये रविवारच्या चेंबर मैफली होतात. ती परंपरा १८८७ पासूनची आणि तिकीट खिशाला झेपणारं. मेरिलबोन रोडवरच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये विद्यार्थ्यांच्या कितीतरी मैफली मोफत असतात. वीस-बावीस वर्षांची मुलं द्वोरझाक वाजवतात तेव्हा ती व्हिओलाची धून टाकाचहून वेगळी येते, थोडी घाईची, जास्त उजळ. नेमका फरक कुठे, हे घरी येऊन दोन ओळींत लिहून ठेवा. तारीख, गट, रचना आणि व्हिओलाबद्दल एक वाक्य. माझ्या वहीत आता अशी बरीच पानं भरली आहेत.

मैफल संपल्यावर लगेच पळू नका. रविवारी तर कॉफी आहेच. वादक कधी कधी बाहेर येतात, खांद्यावर वाद्याची पेटी, विमानाची वेळ गाठायची घाई. लोक पहिल्या व्हायोलिनवाल्याभोवती जमतात. व्हिओलावाला बाजूला कोट चढवत उभा असतो. त्याच्याकडे जा आणि सांगा, की आज तुम्ही त्यालाच ऐकायला बसला होता.